२२ इंची चाके, एअर सस्पेन्शन आणि मागच्या सीटवरचे हादरे

सह्यवाट (पुणे)

नमस्कार मंडळी. गेले चार महिने एका प्रश्नाने मला पिच्छा पुरवला आहे, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो.

गेल्या दिवाळीत मी वापरलेली लँड रोव्हर डिफेंडर ११० घेतली. गाडीला एअर सस्पेन्शन (धातूच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या स्प्रिंग) आहे आणि आधीच्या मालकांनी हौसेने २२ इंची चाके निवडलेली आहेत. टायरचे माप २७५/४५ आर २२, म्हणजे रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के आणि रिम २२ इंची. गाडी देखणी आहे, घाटातल्या वळणांवर कलत नाही, आणि मोठा गतिरोधक कधी आला नि कधी गेला हे कळतसुद्धा नाही. माझी अडचण लहान धक्क्यांची आहे. द्रुतगती मार्गावर काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना सतत टकटक जाणवते. शहरात डांबराचे ठिगळ, ड्रेनेजचे झाकण किंवा पेव्हर ब्लॉकची कड लागली की हादरा सरळ मणक्यात जातो. आई बहात्तर वर्षांची आहे आणि तिला कंबरेचा जुना त्रास आहे. खेड शिवापूर येईपर्यंत ती एका हाताने वरची कडी धरून आणि दुसऱ्या हाताने कंबरेमागची उशी दाबून बसलेली मला आरशात दिसते. मागच्या महिन्यात ती म्हणाली, “आपली जुनी गाडी बरी होती रे.” तेव्हा फार वाईट वाटले.

दुसरी गोष्ट म्हणजे, एअर सस्पेन्शनचे बटण दाबून गाडी वर उचलली, म्हणजे ऑफ-रोड उंचीवर नेली, की ती मऊ होईल असे मला वाटत होते, पण उलटच घडते. चाक खड्ड्यात उतरले की खालून ‘ठक’ असा आवाज येतो. बुश (जोडांमधले रबर), एअर स्प्रिंग आणि शॉक अब्झॉर्बर हे सर्व तपासून घेतले असून त्यांत दोष नाही.

तिसरी गोष्ट दोन आठवड्यांपूर्वीची. ताम्हिणीतून उतरताना पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. गाडी थांबली नाही, हवाही गेली नाही. पण दुसऱ्या दिवशी धुताना टायरच्या बाजूवर हात फिरवला तर लिंबाएवढा फुगा लागला. तो टायर आता बाद झाला आहे, त्यामुळे निर्णय लांबवता येणार नाही. पुन्हा हेच माप घ्यावे, लहान रिमवर जावे, की काही मित्र सांगतात तसे एअर सस्पेन्शन काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवाव्यात? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कऱ्हाकाठ

बाकी सर्व नंतर पाहू. उद्या सकाळी गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी स्वतःच्या मापकाने चारही टायरची हवा मोजा, दारालगत कंपनीने हवेचा दाब छापलेली पट्टी असते, तिच्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा आणि इथे कळवा.

सह्यवाट

आपल्या सांगण्याप्रमाणे मोजली. पुढे पट्टीपेक्षा सात आणि मागे आठ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) जास्त निघाली. मी नेहमी जिथे हवा भरतो, तिथल्या मुलाने गाडी मोठी आहे म्हणून अंदाजाने जास्त भरली असावी. मी कधी आकडा विचारला नाही, ही माझी चूक. हवा पट्टीप्रमाणे केली आणि तोच कर्वे रस्ता पुन्हा केला. फरक निश्चित आहे, झाकणांवरचा फटका थोडा बोथट झाला. पण टकटक आहेच.

चेसिसकार (निवृत्त)

सह्यवाट, मी अनेक वर्षे वाहनांच्या सस्पेन्शनवर काम केले आहे. आपला प्रश्न नीट मांडलेला असल्यामुळे उत्तरही जरा लांब देतो.

बहुतेक लोक टायर आणि सस्पेन्शन या दोन वेगळ्या वस्तू मानतात. प्रत्यक्षात रस्ता आणि आपली पाठ यांच्यामध्ये एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंग असतात. पहिली स्प्रिंग म्हणजे टायरमधली हवा आणि त्याची बाजूची भिंत. दुसरी म्हणजे आपण जिला सस्पेन्शन म्हणतो ती. या दोघींच्या मध्ये चाक, रिम, ब्रेक आणि हब यांचे वजन असते. दुसरी स्प्रिंग मऊ आणि लांब पल्ल्याची असते. तिच्यावर गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली डोलतो. गतिरोधक, रस्त्यातला उंचवटा, वळणावरचे कलणे ही तिची कामे, आणि ती आपल्या गाडीत उत्तम होत आहेत हे आपणच लिहिले आहे. पहिली स्प्रिंग मात्र फार कडक असते. तिच्यावर चाक सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरते. झाकणाची कड, ठिगळ, काँक्रीटचा सांधा हे सर्व तीक्ष्ण धक्के आधी तिच्याकडे येतात, आणि तिने जे गिळले नाही तेच वर पोहोचते.

इलेक्ट्रॉनिक शॉक अब्झॉर्बर इथे काय करू शकतात ते आकड्यांतून पाहू. कंपनी सांगते की ही यंत्रणा गाडीच्या हालचाली सेकंदाला ५०० वेळा तपासते, म्हणजे दर दोन मिलिसेकंदांनी एकदा. ताशी ५० किलोमीटर वेगाने दहा सेंटीमीटर रुंदीचे ठिगळ चाकाखालून सुमारे सात मिलिसेकंदांत निघून जाते. यंत्रणेला धक्का कळून तेल अडवणारी झडप हलेपर्यंत ठिगळ मागे गेलेले असते. त्या सात मिलिसेकंदांत जे काही करायचे ते रबर आणि हवेनेच करायचे आहे.

आता आपल्या गाडीसाठी कंपनीने दिलेली मापे घेऊ. टायरच्या भिंतीची उंची म्हणजे रुंदीला टक्क्यांनी गुणायचे. २५५/७० आर १८ मध्ये ती १७८ मिलिमीटर येते, २५५/६५ आर १९ मध्ये १६६, २५५/६० आर २० मध्ये १५३, आणि आपल्या २७५/४५ आर २२ मध्ये १२४. चाकाचा बाहेरचा व्यास मात्र या सर्वांत जवळपास सारखाच, ८०६ ते ८१४ मिलिमीटरच्या दरम्यान आहे. म्हणजे रिम जसजशी मोठी होत गेली तसतशी तिने टायरचीच जागा खाल्ली. १८ इंची आणि २२ इंची चाकांत साडेपाच सेंटीमीटर भिंतीचा फरक आहे. ताम्हिणीतल्या खड्ड्यात नेमकी हीच उंची कमी पडली; खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायर चिमटला, आतले धागे तुटले आणि जिथे धागे तुटले तिथे हवेने रबर बाहेर ढकलले. तोच आपल्या हाताला लागलेला फुगा. असा टायर दुरुस्त करता येत नाही, तो स्टेपनी म्हणूनही ठेवू नका.

काँक्रीटच्या टकटकीबद्दल मला विशेष लिहावेसे वाटते. आपल्याकडे काँक्रीटच्या रस्त्यावर आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. भागाकार केलात तर सेकंदाला सहाच्या आसपास ठोके पडतात. माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या कंपनांना सर्वात जास्त संवेदनशील असते ते सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. आईंची कंबर नेमक्या त्याच पट्ट्यात हलवली जात आहे. पुढच्या वेळी तेच अंतर ताशी ८० ने करून पाहा. ठोके सेकंदाला पाचवर येतील, म्हणजे ते पट्ट्यातून बाहेर जाणार नाहीत, पण प्रत्येक ठोक्याचा जोर कमी होईल.

ऑफ-रोड उंचीचा प्रश्न वेगळा आहे. वर उचलताना स्प्रिंगमध्ये जास्त हवा भरली जाते म्हणून ती कडक होते, असे सर्रास सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. गाडीचे वजन तेवढेच असते, त्यामुळे स्प्रिंगमधला दाबही जवळपास तेवढाच राहतो. हवा जास्त जाते ती वाढलेली जागा भरण्यासाठी. खरे कारण असे आहे की चाकाचा वरखाली जाण्याचा एकूण पल्ला ठरलेला आहे. आपली गाडी नेहमीच्या उंचीपेक्षा ७५ मिलिमीटर वर जाते, आणि गाडी अडकल्यास आणखी ७० मिलिमीटर. सांगाडा जितका वर गेला तितके चाक खाली लोंबले, म्हणजे खाली जाण्याचा त्याचा पल्ला आधीच खर्च झाला. मग खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि शॉक अब्झॉर्बर टोकाच्या अडणीवर जाऊन थडकतो. आपला ‘ठक’ तो आहे. ही उंची दगडावरून किंवा ओढ्यातून हळू जाण्यासाठी आहे, खराब डांबरी रस्त्यासाठी नव्हे. तिथे नेहमीचीच उंची ठेवा.

एअर सस्पेन्शन काढून टाकण्याचा विचार कृपया सोडा. कॉइल स्प्रिंगची डिफेंडर कंपनीने जरूर विकली आहे आणि ती चांगलीही आहे, पण ती पहिल्यापासून तशी जुळवलेली आहे. शिवाय एअर स्प्रिंगचा एक मोठा गुण असा की एकटे जा किंवा पाच माणसे आणि सामान घेऊन जा, गाडी डोलण्याची गती जवळपास तीच राहते. कॉइल एका वजनाला जुळवलेली असते. दुसऱ्या वजनाला ती तडजोडच करते.

माझे मत स्पष्ट आहे: २० इंची रिम आणि २५५/६० आर २० टायर. १९ इंची मिळाली तर त्याहून उत्तम, पण त्याआधी आपल्या इंजिनाच्या प्रकाराला कोणती सर्वात लहान रिम चालते हे पुस्तिकेत पाहा, कारण ब्रेकच्या कॅलिपरला आत जागा लागते.

डोंगरदऱ्या

चेसिसकार सरांशी बहुतांश सहमत आहे. पण लहान रिमवर जायचेच असेल तर दहा प्लायचे (दहा थरांइतके मजबूत) एलटी ए/टी (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) टायर का घेऊ नयेत? मी माझ्या पिकअपला ते लावले आहेत आणि सह्याद्रीतल्या दगडांवर तीन वर्षांत एकही कट पडलेला नाही.

चेसिसकार (निवृत्त)

डोंगरदऱ्या, आपल्या पिकअपला ते योग्यच आहेत. पण एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. त्याची भिंत जाड आणि कडक असते, आणि तेवढेच वजन पेलायला त्यात साध्या टायरपेक्षा जास्त हवा भरावी लागते. म्हणजे भिंतीची उंची वाढवून जे कमावले त्यातला बराच भाग कडकपणात आणि हवेच्या दाबात परत जातो. ज्या घरात कंबरेचा रुग्ण मागे बसतो आणि वर्षातले बहुतेक दिवस गाडी डांबरावर चालते, तिथे साध्या बांधणीचा, भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) पुरेसा असलेला ए/टी टायर घ्यावा. भारांक पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी कदापि नको.

मृगजळ (दुबई)

सह्यवाट, मी इथे लँड क्रूझर ३०० चालवतो, २६५/६५ आर १८ टायरवर. म्हणजे भिंत १७२ मिलिमीटर. गाडी शिडीसारख्या चौकटीवर बांधलेली, मागे अखंड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा), तरीही महामार्गावरच्या सांध्यांचा त्रास होत नाही.

भिंतीची उंची कशासाठी असते हे वाळूत डोळ्यांनी दिसते. लिवाच्या वाळवंटात जाताना डांबर सोडले की आम्ही सर्वजण उतरतो आणि प्रत्येक टायर पंधरा पीएसआयपर्यंत खाली आणतो. गुडघ्यावर बसून पाहिले तर टायर खाली पसरतो, पण रुंदीत थोडाच. मुख्यतः तो लांबीला वाढतो, जणू रणगाड्याचा लहानसा पट्टाच तयार होतो. जी गाडी पाच मिनिटांपूर्वी चाकापर्यंत रुतत होती ती त्याच वाळूवरून सहज निघते, आणि आत बसलेल्यांना लाटेवर तरंगल्यासारखे वाटते. २२ इंची चाकांवर हे करायला मी धजावणार नाही, कारण भिंत कमी असेल तर रिम लगेच वाळूखालच्या दगडाला भिडते. कमी हवेवर जोरात वळण घेतले तर टायर रिमवरून निसटतो, तेव्हा स्टिअरिंग हळूच फिरवायचे. डांबरावर परतताना हवा भरल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा आमच्या गटाचा पक्का नियम आहे. कमी हवेचा टायर वेगात फार तापतो.

रानजाई (नाशिक)

चर्चा मन लावून वाचते आहे. आम्ही जूनमध्ये स्पिती आणि लडाखला जाणार आहोत. दोन शंका आहेत. उंचावर टायर आपोआप फुगतात म्हणून हवा काढावी असे सांगतात, ते खरे आहे का? आणि पन्हाळी पत्र्यासारखे पट्टे असलेल्या कच्च्या रस्त्यावर हळू गेले तर जास्त हादरे बसतात आणि वेगात गेले तर कमी, असे का होते?

चेसिसकार (निवृत्त)

रानजाई, पहिली शंका. टायरमधला खरा दाब उंचीने बदलत नाही, बाहेरच्या हवेचा दाब घटतो. नाशिक किंवा पुण्याहून साडेचार हजार मीटरवर गेलात तर मापक साधारण पाच पीएसआय जास्त दाखवेल. पण पहाटे तिथे थंडीही असते, आणि तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने कमी होतो. घरून तीस अंशांत हवा भरून निघालात आणि तिथे सकाळी पाच अंश असले, तर दोन्ही गोष्टी जवळपास एकमेकींना छेद देतात. म्हणून ऐकीव नियमाने हवा काढू नका. तिथे मुक्काम झाल्यावर सकाळी मोजा, पट्टीपेक्षा जास्त असेल तर तेवढीच काढा, आणि खाली उतरताना पुन्हा भरा. सोबत चांगला काँप्रेसर ठेवा.

दुसरी शंका फार चांगली आहे. त्या पट्ट्यांमधले अंतर साधारण पाऊण-एक मीटर असते. ८० सेंटीमीटर धरा. ताशी २० किलोमीटर वेगाने गेलात तर सेकंदाला सात धक्के बसतात, म्हणजे मी वर सांगितलेल्या, शरीराला सर्वात झोंबणाऱ्या पट्ट्यात. ताशी ४० ला ते चौदा होतात. शरीराला बरे वाटते, पण आता चाक त्याच्या स्वतःच्या थरथरण्याच्या गतीवर आलेले असते. ते जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असते. ब्रेक लागत नाही, वळण धरत नाही, आणि शॉक अब्झॉर्बरमधले तेल तापून त्याची पकड जाते. सुखावह वाटणारा वेग तिथे सुरक्षित नसतो. अशा रस्त्यावर हवा पाच-सहा पीएसआयने कमी करून बेताच्या वेगाने जावे आणि तासाभराने थांबून शॉक अब्झॉर्बरच्या नळीजवळ हात नेऊन पाहावा. नळीला हात लावू नये, ती भाजण्याइतकी तापलेली असू शकते.

कऱ्हाकाठ

एक पुरवणी. समृद्धी महामार्गावर उन्हाळ्यात टायर तापतो म्हणून आधीच कमी हवा ठेवून निघणारे लोक मला दर वर्षी भेटतात. असे करू नये. टायर मुख्यतः तापतो तो भिंत पुन्हा पुन्हा दुमडल्यामुळे, आणि हवा कमी असेल तर ती अधिकच दुमडते. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो. चालताना तो चार-पाच पीएसआयने वाढला तर ते अपेक्षितच आहे, तेवढी हवा काढू नये.

माळरान

मग हवा पट्टीपेक्षा कमी ठेवून गाडी आणखी मऊ करता येणार नाही का? डांबरावर, म्हणतो.

चेसिसकार (निवृत्त)

करू नये. टायर ही स्प्रिंग आहे, पण तिच्यात हेलकावा शमवणारा शॉक अब्झॉर्बर नगण्य आहे. तिला फार मऊ केले की चाक चेंडूसारखे उसळू लागते, वळणावर भिंत आडवी पडते आणि कडेची नक्षी आधी झिजते. मऊपणा हवेच्या प्रमाणातून मिळवू नका, हवेच्या उंचीतून मिळवा. जुन्या रेंज रोव्हरचे उदाहरण मला नेहमी आठवते. १९७० साली आलेल्या त्या गाडीला पुढे-मागे अखंड अॅक्सल होते, इलेक्ट्रॉनिक काहीच नव्हते आणि एअर सस्पेन्शन यायला १९९२ साल उजाडावे लागले. तरीही तिच्या आरामाचे कौतुक झाले. लांब पल्ल्याच्या मऊ कॉइल स्प्रिंग आणि २०५ आर १६ मापाचे, साडेसहा इंचांच्या आसपास भिंत असलेले टायर, एवढ्यावर ते साधले होते.

सह्यवाट

मंडळी, सहा आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार.

१९ इंची रिम पाहिल्या, पण मनाजोगत्या मिळाल्या नाहीत, म्हणून २० इंची रिम आणि २५५/६० आर २० मापाचे साध्या बांधणीचे ए/टी टायर घेतले. भारांक पुस्तिकेशी ताडून पाहिला. बसवताना कारागिराबरोबर जुने आणि नवे चाक उचलून पाहिले. वजनात मला फारसा फरक जाणवला नाही, कारण ए/टी टायरचे रबर जाड आहे. म्हणजे जो बदल झाला तो भिंतीच्या उंचीनेच झाला असे मी मानतो.

जमाखर्च प्रामाणिकपणे सांगतो. ड्रेनेजची झाकणे आणि ठिगळे आता आवाजातून कळतात, पाठीतून नाही. द्रुतगती मार्गावरची टकटक संपलेली नाही, पण ती पायाखालच्या गालिचातून आल्यासारखी मंद झाली आहे, आणि मी ताशी ८० वर राहतो. दुसरीकडे, ताशी ९० च्या पुढे टायरची घरघर ऐकू येते, स्टिअरिंग पूर्वीइतके चटकन उत्तर देत नाही आणि वरंध घाटातल्या वळणांवर गाडी किंचित उशिरा झुकते. मला हा व्यवहार पसंत आहे. ऑफ-रोड उंची आता फक्त शेताच्या वाटेवर, ओढा ओलांडताना वापरतो, आणि तो ‘ठक’ पुन्हा ऐकलेला नाही.

परवा आईला घेऊन भोरला गेलो. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापाशी आरशात पाहिले तर उशी शेजारच्या सीटवर पडलेली होती आणि आई खिडकीला डोके टेकून झोपली होती.

चेसिसकार (निवृत्त)

वाचून समाधान झाले. नवे टायर हजारेक किलोमीटर चालले की अलाइनमेंट एकदा तपासून घ्या, आणि जुन्या २२ इंची रिम विकण्यापूर्वी ताम्हिणीत आदळलेली रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहा. ती आतल्या कडेला वाकलेली असेल तर घेणाऱ्याला आधीच सांगा.